आतलं चॉकलेट, बाहेरचं चॉकलेट

मे महिन्यात पारोळ्यात चॉकलेट केक करायचा म्हणजे पहिला झगडा हवेशी. दुपारी बाहेर ४३-४४ अंश, आणि पत्र्याच्या घरात पंखा पाचवर ठेवला तरी ३७-३८. खऱ्या चॉकलेटमध्ये जो स्निग्धांश असतो त्याला कोको बटर म्हणतात आणि तो साधारण ३४ अंशांना वितळतो. अंगाची उष्णता ३७, वितळण्याचा बिंदू तिच्या जरासा खाली, म्हणून चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं. पण जे तोंडात व्हायचं ते खानदेशात कपाटातच होऊन बसतं. फ्रिजमध्ये ठेवावं तर दुपारी वीज किती वेळ राहील याची खात्री नाही, आणि ऑर्डरचा केक मोटारसायकलवरून एरंडोलला पोचवायचा असेल तर फ्रिज काही बरोबर येत नाही.

तरीही पारोळा, अमळनेर, धरणगाव अशा तालुक्याच्या गावांत घरून केक करून देणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली आहेत. लॉकडाऊनमध्ये कुकरची शिट्टी काढून बिस्किटांचा केक केला, हात बसला, मग ओटीजी आला, टर्नटेबल आलं, नोझलचा डबा आला. शिकवणी सगळी यूट्यूबवरची. आणि तिथेच अडचण सुरू होते. दाखवणारी बाई बसलेली असते अमेरिकेत किंवा इंग्लंडात आणि ती सहज सांगून जाते, ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम घ्या. कधी ते बिटरस्वीट असतं, कधी सेमीस्वीट, कधी बिनसाखरेचं. आपल्या दुकानात मिळतात तीन स्लॅब: डार्क, मिल्क आणि व्हाइट, आणि तिन्हींच्या वेष्टणावर छापलेलं असतं कंपाउंड. मग प्रश्न येतो, हे घातलं तर चालेल का?

दुकानदार म्हणतो चालेल, शहरात क्लास करून आलेली मैत्रीण म्हणते मुळीच नाही. दोघंही अर्धे बरोबर आहेत. चॉकलेट केकच्या आत जाणार की बाहेर राहणार, हे आधी विचारायला हवं. आत जाणारं चॉकलेट मैदा, अंडी, दही यांच्यात मिसळून जातं. केकचा डोलारा ते उभारत नाही. तिथे हिशेब करून काय हवं ते बदला. बाहेरचं चॉकलेट, म्हणजे गनाश, ट्रुफल, वरचं आवरण, सजावटीची पानं, हे मात्र स्वतःच्या बळावर घट्ट व्हावं लागतं. तिथे फक्त हिशेब पुरत नाही, स्निग्धांशाचा स्वभाव बघावा लागतो.

हा स्वभाव समजून घ्यायला खानदेशाइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. पारोळ्यापासून अमळनेर वीसेक किलोमीटर. तिथे १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि वनस्पती तूप करायला घेतलं. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून अमेरिकेहून परतले, हा भाग इकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. विप्रोचे शेअर न विकता ठेवून दिलेल्या अमळनेरकरांच्या गोष्टीही चहाच्या टपरीवर फुकट ऐकायला मिळतात. आपल्याला त्यातलं संगणकाचं काही नको, तूप हवं आहे.

वनस्पती तूप होतं कसं? तेल गरम करायचं, त्यात निकेलची पूड असते, आणि त्यातून दाबाने हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या लांबट रेणूंना मधेमधे वाकडे सांधे असतात, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसू शकत नाहीत आणि तेल पातळ राहतं. हायड्रोजन त्या सांध्यांवर जाऊन बसला की रेणू सरळ होतात, सरळ रेणू दाटीने रचले जातात, आणि तेल घट्ट होतं. किती हायड्रोजन सोडायचा त्यावर ते किती अंशांना वितळेल हे ठरवता येतं. तेलाचं हव्या त्या अंशाला वितळणाऱ्या तुपात रूपांतर करण्याची ही विद्या. कंपाउंड चॉकलेटचा पाया हाच आहे. कोको बटर काढून घ्यायचं, ते महाग असतं आणि सौंदर्यप्रसाधनांनाही लागतं, आणि त्याजागी घट्ट केलेलं वनस्पती तेल घालायचं. बहुतेक वेळा ते पामच्या फळाच्या बीचं तेल असतं. पामच्या गरापासून निघणारं तेल वेगळं आणि बीचं वेगळं. बीच्या तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते खोबरेल तेलाच्या जवळचं. थंड असताना कडक आणि तापलं की एकदम पातळ, हा कोको बटरचा गुण त्यातल्या त्यात त्यालाच साधतो.

वनस्पती तुपावर सरकारचा डोळा होता, कारण ते साजूक तुपात खपवणं सोपं. म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती केली गेली. तुपात वनस्पती मिसळलं असेल तर बॉदुआँ चाचणीत तिळाच्या तेलामुळे लालसर रंग येतो आणि लबाडी उघडी पडते. कंपाउंडसाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. डार्क कंपाउंडवर पहिली साखर, दुसरं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, आणि कोको सॉलिड्स त्यानंतर. खऱ्या डार्क चॉकलेटवर कोको मास, साखर आणि कोको बटर ही तीन नावं वरच्या रांगेत असतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार चॉकलेट म्हणवून घ्यायला एकूण कोको किमान ३५ टक्के हवा आणि त्यात कोको बटर किमान १८ टक्के. व्हाइट चॉकलेटमध्ये काळा कोको नसतोच, पण कोको बटर किमान २० टक्के हवं. आपल्याकडच्या व्हाइट कंपाउंडच्या यादीत बहुधा कोकोचं नावही सापडत नाही. ती साखर, तेल आणि दुधाची भुकटी.

वनस्पतीचं नाव काढलं की ट्रान्स फॅटची भीती येते. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात हे खरं. पण पूर्ण हायड्रोजन दिला की ते जवळजवळ उरत नाहीत, आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. कंपाउंडमध्ये संपृक्त स्निग्धांश आणि साखर मात्र भरपूर असते, तेव्हा त्याला पौष्टिक कुणी म्हणू नये. तसं खऱ्या चॉकलेटलाही कुणी म्हणू नये.

फरक जिभेला कळतो का? डिसेंबरात, सकाळचा गारठा असताना करून बघण्यासारखं आहे. खऱ्या डार्क चॉकलेटची वडी आणि कंपाउंडचा तेवढाच तुकडा शेजारी ठेवा. दोन्ही मोडताना टक् असा आवाज येतो, दोन्हींना चकाकी. आता प्रत्येक तुकडा चघळायचा नाही, टाळूला लावून धरायचा. खरं चॉकलेट काही क्षणांत सैल पडतं, पसरतं, आणि वास घशातून वर नाकाशी येतो. कंपाउंड तोंडात रेंगाळतं. गोडवा लगेच कळतो, पण शेवटी टाळूला मेणासारखा पातळ थर राहतो, कारण त्याचा सगळा स्निग्धांश ३७ अंशांना वितळत नाही. हाच थर मे महिन्यात कंपाउंडला टेबलावर उभं ठेवतो. तोंडातला दोष आणि उन्हातला गुण एकच आहे. म्हणूनच कंपाउंडला सरसकट नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. नाक मुरडावं, पण जागा बघून.

आता आतलं चॉकलेट. यूट्यूबवरच्या त्या २०० ग्रॅम, ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये असतं काय? सत्तर टक्के म्हणजे शंभरातले सत्तर भाग कोकोच्या बीपासून आलेले, उरलेले तीस साखर. कोकोच्या त्या भागात निम्म्याहून जास्त कोको बटर असतं. तेव्हा २०० ग्रॅममध्ये साखर ६० ग्रॅम, स्निग्धांश ८० ग्रॅमच्या थोडा वर आणि कोरडा, चवीचा, काळा कोको ५५ ग्रॅमच्या आसपास. डार्क कंपाउंडच्या २०० ग्रॅममध्ये साखर १०० ग्रॅमच्या जवळपास, स्निग्धांश ६५ च्या आगेमागे आणि कोरडा कोको जेमतेम ३०. कंपनीनुसार आकडे हलतात. पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे साखर किती आणि फॅट किती हे दिलेलं असतं, ते बघून घ्यावं.

म्हणजे कंपाउंड जसंच्या तसं घातलं तर केक बिघडत नाही, तो गोडमिट्ट आणि फिक्या चवीचा होतो. दुरुस्ती सोपी आहे: पाककृतीतली साखर ४० ग्रॅमने कमी, कोको पावडर २५ ते ३० ग्रॅम जास्त, आणि चमचाभर तेल किंवा बटर वाढवायचं. इथपर्यंत आलं की एक प्रश्न आपसूक पडतो. वरून एवढा कोको घालायचाच आहे, तर ब्राउनीत कंपाउंड हवंच कशाला?

माझं उत्तर: नको. आतल्या कामाला कोको पावडर घ्यावी. त्याच २०० ग्रॅमच्या जागी ६५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, ७५ ग्रॅम तेल किंवा वितळवलेलं बटर आणि ६० ग्रॅम साखर. बेरीज बरोबर २००. बटरमध्ये सोळा-सतरा टक्के पाणी असतं, तेव्हा बटर घेतलं तर ९० ग्रॅम घ्यावं, आणि आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं म्हणून वेगळं मीठ घालू नये. साजूक तूप चालतं, पण त्याचा वास कोकोला दाबतो. केक खाताना शिऱ्याची आठवण यायला नको. पाककृतीत बिनसाखरेचं चॉकलेट लिहिलं असेल तर हिशेब आणखी लहान: दर ३० ग्रॅमला तीन मोठे चमचे कोको आणि एक मोठा चमचा तेल किंवा बटर.

कोको पावडर वितळत नाही, तिला फ्रिज लागत नाही, डबा घट्ट लावला तर उन्हाळा तिच्या जवळ फिरकत नाही. पारोळ्याच्या हवेला याहून सोयीचं चॉकलेट नाही. एक पथ्य मात्र आहे. कोरडी पावडर पाणी ओढून घेते आणि थेट पिठात टाकली की चव अर्धी झोपलेली राहते. तेल किंवा बटर चांगलं गरम करायचं, गॅस बंद करून त्यात कोको घालून घोटायचा आणि दोन-चार मिनिटं तसाच ठेवायचा. गरम स्निग्धांशात कोकोचा वास मोकळा होतो. उकळत्या पाण्यात किंवा कॉफीत कालवला तरी चालतो. आणि नेहमीच्या केकमध्ये कोको वाढवला तर जवळपास तेवढाच मैदा कमी करावा, नाहीतर केक कोरडा होऊन चाकूखाली भुगा पडतो.

इथे आणखी एक गोम आहे आणि तिच्यापायी चॉकलेटपेक्षा जास्त केक बिघडतात. कोको पावडर दोन जातींची असते. नैसर्गिक कोको आंबट असतो, रंगाने तांबूस-तपकिरी, सामू ५.३ ते ५.८ च्या दरम्यान. दुसरा क्षार देऊन शांत केलेला, त्याचा सामू ७ च्या आसपास किंवा वर, रंग गडद, चव सौम्य. नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटन पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी घडवल्या. १८२८ सालच्या दाबयंत्राच्या पेटंटमुळे कोकोतून बटर पिळून वेगळं काढता येऊ लागलं आणि मागे पावडर उरली. ती पाण्यात नीट मिसळावी म्हणून तिला क्षार देण्याची युक्ती मुलाची, कूनराड यांची. म्हणून बाहेरच्या पाककृतींत त्या कोकोला डच म्हणतात. आपल्याकडच्या पाकिटावर डच लिहिलेलं क्वचित दिसतं. घटकांत आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला तर तो क्षार दिलेला कोको समजायचा. काळ्या क्रीम बिस्किटांचा जवळजवळ शाईसारखा रंग अशाच, भरपूर क्षार दिलेल्या कोकोचा.

याचा केकशी संबंध सोड्यामुळे. खाण्याचा सोडा फुगतो तो आम्ल मिळालं तर. पाककृतीत फक्त सोडा असेल आणि आंबटपणाची जबाबदारी नैसर्गिक कोकोवर टाकलेली असेल, तर क्षार दिलेला गडद कोको वापरल्यावर सोड्याला जोडीदार मिळत नाही. केक बसका होतो आणि तोंडात साबणासारखी चव येते. यावर उपाय आपल्या घरातच आहे: पाव छोट्या चमच्याच्या सोड्यामागे अर्धी वाटी आंबट दही किंवा ताक, नाहीतर दीड छोटा चमचा व्हिनेगर. दही-सोड्याचा एगलेस केक करणाऱ्या आपल्या बायकांना या भानगडीची झळ फारशी लागत नाही ती याचमुळे. दही आधीपासून हजर असतं. उलटी अदलाबदल, म्हणजे बेकिंग पावडर सांगितलेल्या केकमध्ये नैसर्गिक कोको, ही बिनधोक. बेकिंग पावडरमध्ये आम्ल स्वतःचं असतं. रंग जरा फिका येतो, चव जरा तीव्र, एवढंच.

लॉकडाऊनमधला तो बिस्किटांचा केक या हिशेबात मोठा मजेशीर आहे. चॉकलेट बिस्किटं दळून दुधात कालवायची आणि इनोचं पाकीट फोडायचं. बिस्किटात मैदा, साखर, तेल आणि कोको आधीच ठरलेल्या प्रमाणात असतात, आणि इनोच्या पाकिटावर स्वर्जिकाक्षाराबरोबर निंबुकाम्ल लिहिलेलं असतं, म्हणजे सोडा आणि त्याचं आम्ल एकत्र. कोको कुठल्या जातीचा आहे याची इनोला पर्वा नाही. पहिल्याच दिवशी जमून येणारा केक होता तो. चवीबद्दल मी बोलत नाही.

ड्रिंकिंग चॉकलेट मात्र कोको पावडरच्या जागी कधीही घालू नये. डबा सारखा दिसतो, कंपनीही तीच असते, पण यादीत पहिली साखर. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही तशाच. दुधाचं खाऊचं चॉकलेट वितळवून ब्राउनीत घालायची हौस मुलांना असते. घालू द्यावं, पण साखर एक तृतीयांशाने कमी करावी आणि पाच-सात मिनिटं आधी झाकण उघडून बघावं, कारण दुधाचे घन पदार्थ लवकर लाल होतात. चोको चिप्स आकार टिकवण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या वितळवून गनाश करायला गेलं तर तो लापशीसारखा घट्ट येतो. आणि कुकीजमध्ये चिप्सऐवजी स्लॅब चिरून घातला तर तुकडे पसरतात. दिसायला गबाळं, खायला छान.

आता बाहेर येऊ. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. गावातला ट्रुफल केक याच्याच जिवावर. इथे कोको पावडर आणि बटरची जोडी कामाला येत नाही. केकमध्ये मैदा आणि अंडं सगळ्यांना धरून ठेवतात. गनाशमध्ये धरणारं दुसरं कुणी नाही. थंड झाल्यावर चॉकलेटमधला स्निग्धांश स्फटिकरूप होतो आणि तोच त्याला उभं करतो. बटर २८-३० अंशांतच लोळागोळा होतं. तेव्हा कोको पावडर आणि बटरचा गनाश पारोळ्यात सॉस म्हणून ओतावा, थर म्हणून लावू नये.

पुस्तकात डार्क चॉकलेट आणि क्रीम समसमान असं प्रमाण असतं. ते थंड देशातल्या स्वयंपाकघराचं आहे, आणि ३५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमचं. आपल्याकडचं पाकिटातलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं, म्हणजे पाणी जास्त. डिसेंबरात, पहाटे पारा दहा-बाराला येतो तेव्हा, समसमान गनाशही मस्त बसतो. मे महिन्यात दोन भाग डार्क कंपाउंडला एक भाग क्रीम धरावं. मिल्क कंपाउंडला अडीच भाग आणि व्हाइटला तीन भाग, कारण त्यांच्यात कोरडा कोको कमी किंवा मुळीच नाही आणि पाणी शोषून घ्यायला कुणी नाही. एकच प्रमाण बारा महिने वापरणारीचा केक एप्रिलात घसरतो आणि जानेवारीत सुरीला दाद देत नाही. वर कंपाउंडची गोडी चढू नये म्हणून दोनशे ग्रॅममागे एक मोठा चमचा कोको आणि चिमूट मीठ त्या गरम क्रीममध्ये घालावं. हा एक चमचा फार मोठं काम करतो.

वरचं आवरण आणि सजावट यांत तर कंपाउंडशी स्पर्धाच नाही. कोको बटर सहा प्रकारे स्फटिक बनवू शकतं आणि त्यातला पाचवा प्रकारच चकचकीत, टणक आणि ३४ अंशांना वितळणारा. तो मिळवायला चॉकलेट ४५-५० अंशांवर वितळवून २७ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणायचं. याला टेंपरिंग म्हणतात. जिथे खोलीचंच तापमान ३७ तिथे २७ वर उतरवणार कसं? एसी लावलेल्या खोलीत होईल. कंपाउंडला हे सोपस्कार नाहीत. वितळवा, ओता, गार होऊ द्या. पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या मोर्डे कंपनीचे स्लॅब राज्यभरच्या घरगुती केकवाल्यांच्या हातात दिसतात, त्यामागे किमतीइतकंच हेही कारण आहे. बारामतीत तर बॅरी कॅलेबॉ या स्विस कंपनीचा चॉकलेट आणि कंपाउंडचा कारखाना उभा आहे, आणि फरेरोचाही. फरेरोची स्वतःची सुरुवात टंचाईतली आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कोको मिळेना, तेव्हा आल्बा गावच्या पिएत्रो फरेरो यांनी १९४६ मध्ये भरपूर हेझलनट आणि थोडा कोको घालून वडी केली. तिची वंशज न्यूटेला. कोको कमी पडला म्हणून दुसरं काही घालणं हा फक्त गरीब गावांचा उद्योग नाही.

अलीकडे तो सगळ्या जगाचा झाला. कोकोची निम्म्याहून जास्त आवक आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून होते. तिथे रोगाने आणि बिघडलेल्या पावसाने पीक गेलं आणि वर्षानुवर्षं टनाला अडीच-तीन हजार डॉलरच्या आसपास रेंगाळणारा भाव २०२४ मध्ये १२ हजारांच्या वर गेला. नंतर तो उतरला, पण भाव चढला की कंपन्या प्रमाणं बदलतात, तेव्हा ओळखीच्या पाकिटाचीही मागची बाजू अधूनमधून वाचत जावी.

एक चूक पैसे वाचवण्याच्या नादात हमखास होते. खरं चॉकलेट थोडं उरलेलं असतं, त्यात कंपाउंड मिसळून आवरणासाठी वितळवतात. अर्धं-अर्धं घेतलं म्हणजे गुणही अर्धे-अर्धे येतील असं वाटतं. तसं होत नाही. कोको बटर आणि पाम बीचं तेल यांचे रेणू एका रचनेत बसत नाहीत. मिश्रण दोघांपेक्षाही कमी अंशांना मऊ पडतं आणि काही दिवसांत वर पांढरी पापुद्री धरतं. कंपाउंड बनवणारे कारखाने स्वतः कोको मास न वापरता बटर पिळून काढलेली कोको पावडर वापरतात ते याच कारणाने. ब्राउनीच्या पिठात हे मिश्रण खुशाल घाला, साच्यात ओतू नका.

वितळवताना पाण्याचा थेंब पडला की दोन्ही चॉकलेटं दगडासारखी गोळा होतात, कारण साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. फेकून देऊ नये. चमचा-चमचा गरम दूध किंवा क्रीम घालत घोटलं की ते पुन्हा सैल होतं. आवरण होणार नाही, पण गनाश होतो. आणि फ्रिजमधून काढलेला स्लॅब पावसाळ्यात लगेच उघडू नये. दमट हवेतलं पाणी त्याच्यावर दवासारखं धरतं, साखर त्यात विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरे डाग राहतात. पाकीट बंद ठेवून तासभर बाहेर राहू द्यावं. उन्हाने वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवरचे करडे पट्टे वेगळे, ते वर आलेल्या कोको बटरचे, आणि बोटाने घासले की विरतात. दोन्ही प्रकारचं चॉकलेट खायला ठीक असतं. वाढदिवसाच्या केकवर पानं-फुलं काढायला ते वापरू नका. किसून ब्राउनीत घाला, कुणाला पत्ता लागणार नाही.